दगडाला किती शिट्या?

"रंगीत माशांचं जग आहे तुमचं, दिवाळीला काहीतरी प्रसन्न येऊ द्या," असं संपादकबाई म्हणाल्या आणि मी हो म्हणून बसले. लिहायला घेतलं तेव्हा लक्षात आलं, की या कामात मी प्रसन्न अशी फारशी कधी नव्हतेच. मला भीती वाटायची. वीज गेली की वाटायची, गिऱ्हाईक गावाला निघालं की वाटायची, आणि ते परत आल्यावर पहिला फोन येईपर्यंत तर जीव टांगणीला लागलेला असायचा. काम सोडून आता वर्ष होत आलं, तरी फोन वाजला की आधी वाटतं, कोणाची तरी टाकी गेली. ज्यांना सणासुदीचं प्रसन्न वाचायचं असेल त्यांनी इथूनच पान उलटावं. पुढे कुठेतरी चकल्यांची कृती नक्की असेल.

माझं काम लोकांच्या दिवाणखान्यातला समुद्र सांभाळायचं. प्राणिशास्त्राची पदवी होती, नोकरी नव्हती आणि स्कूटर होती, एवढ्यावर मी या धंद्यात आले. ती कहाणी सांगण्यासारखी नाही. खरा समुद्र पुण्यापासून घाटापलीकडे, म्हणून आम्ही तो इथेच तयार करतो. नळाचं पाणी चालत नाही. आरओचं, क्षार काढून टाकलेलं पाणी घ्यायचं, त्यात समुद्राच्या प्रमाणात खास मीठ विरघळवायचं, खारटपणा मोजायचा आणि मग ते कॅनमधून स्कूटरवर, लिफ्टने, लिफ्ट बंद असेल तर जिन्याने वर न्यायचं. त्यात दूरदूरच्या समुद्रांतून आलेले मासे सोडायचे. गोड्या पाण्यातला मासा तसा सोशिक. खाऱ्या पाण्यातल्याने जन्मात बदल म्हणून बघितलेला नसतो; त्याचा समुद्र काल जसा, तसाच आज. पंप थांबला की सगळी टाकी हळूहळू गुदमरायला लागते, आणि गुदमरतेय हे बाहेरून दिसत नाही. दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. हे एकदा कळलं की माणूस निवांत झोपत नाही.

नव्या गिऱ्हाइकाचा पहिला घाबरा फोन मात्र ठरलेला. "मॅडम, टाकी गंजली!" काच गंजत नाही हे त्यांनाही माहीत असतं, पण दिसतं तसंच. वाळूवर, काचेवर, दगडांवर तपकिरी साय धरते. बोट फिरवलं की निघते आणि दोन दिवसांत परत हजर होते. हे तपकिरी शेवाळ. डोळ्यांना एकेकटे न दिसणारे जीव असतात ते, अंगाभोवती काचेसारखं कवच असलेले. नव्या टाकीत ते येतंच, आणि आपण हात न लावता बसलो तर बहुतेकदा आपणहून जातं. पुण्याच्या माणसाला "हात न लावता बसा" हे सांगणंच अवघड. जुन्या टाकीत आलं तर मात्र त्यामागे काहीतरी कारण असतं: पाण्यात खोट असते, नाहीतर खाणं जास्त होत असतं. बहुतेक वेळा खाणंच. माशाचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं धरायचं. मिनिट-दोन मिनिटांत फस्त होईल एवढंच घालायचं, चिमूटभर. उरलेलं कुजतं आणि शेवाळाची चंगळ होते. पण मासे काचेपाशी येऊन तोंडाची उघडझाप करतात, आणि बघणाऱ्याचा जीव तुटतो, उपाशी आहेत म्हणून. अहो, ते श्वास घेत असतात.

मार्केट यार्डातल्या एका आडत्याने या शेवाळाला वैतागून टाकीची काच आतून भांडी घासायच्या पावडरीने घासली होती. मी पोचले तेव्हा काच इतकी लख्ख होती, की मेलेले मासे अगदी स्पष्ट दिसत होते. "पण शेवाळ गेलं की नाही?" असं त्याने मला अभिमानाने विचारलं. गेलं होतं. त्या दिवसापासून मला शेवाळापेक्षा ते घालवायला निघालेल्या माणसांची धास्ती वाटायला लागली. ती किती खरी होती, हे कोथरूडच्या लिमयांकडे कळलं.

लिमये काका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. उंच, नीटनेटके, आणि बोलणं असं की समोरच्याला अर्ध्या तासाने लागावं. कोणीतरी बदली होऊन गाव सोडून चाललं होतं, त्याची भरलेली टाकी काकांनी मासे, दगड, दिवे सगळ्यासकट घेतली. काकूंचा विरोध होता. "प्यायचं पाणी एक वेळ येतं, आणि घरात समुद्र आणून ठेवलाय यांनी," त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या. काकू गोऱ्या, ठेंगण्या, गुडघ्यांनी थकलेल्या, आणि सारखं काहीतरी उकळत असणाऱ्या. दूध उकळायचं, प्यायचं पाणी उकळायचं, नवे चमचे उकळायचे. त्यांच्या स्वयंपाकघरात जंतूला जागा नव्हती.

टाकी लावून देताना मी त्यातला एक दगड बघितला आणि हात मागे घेतला. नारळाएवढा दगड, आणि त्यावर तपकिरी बटणं शिवल्यासारखी दाटीने उगवलेली. ही बटणं म्हणजे जिवंत प्राणी, पोवळ्यांच्या नात्यातले. दिवा लागला की उमलतात, फार छान दिसतात. पण यातल्या काही जातींत विष असतं, आणि ते साधंसुधं विष नाही. कुठल्यात आहे आणि कुठल्यात नाही, हे नुसतं बघून सांगता येत नाही. पाण्यात असेपर्यंत त्याचा त्रास नसतो. बोटाला जखम असताना हात लागला, कोणी तो दगड बाहेर काढून खसाखसा घासला किंवा त्यावर गरम पाणी ओतलं, तर ते विष मोकळं होतं. वाफेबरोबर हवेत जातं आणि श्वासाबरोबर छातीत. डोळ्यांना काही दिसत नाही.

काकू तेव्हा भाजी आणायला गेल्या होत्या. मी काकांना हे सगळं सांगितलं. "तुम्ही म्हणत असाल तर मी हा दगड आत्ताच घेऊन जाते," असंही म्हणाले.

"चावतो का?" काकांनी विचारलं.

"नाही, पण..."

"मग राहू दे. टाकीत बघण्यासारखा तोच एक आहे. मी काही त्याला घासायला जाणार नाही."

"मग निदान घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा."

"सगळे म्हणजे आम्ही दोघं. तिला मी सांगतो. ते माझ्यावर सोडा."

मी ते त्यांच्यावर सोडलं. मग दर पंधरवड्याला त्यांच्याकडे जायला लागले. पाणी बदलायचं, काच पुसायची, काकूंच्या हातचा चहा घ्यायचा. त्या मला सुनंदाताई म्हणायच्या आणि माझ्या जेवणाची चौकशी करायच्या. पुढे काही वर्षांनी काकांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ते घरी आले, हळूहळू फिरायला जायला लागले, आणि इकडे नेमकं त्याच काळात टाकीत तपकिरी शेवाळ परतलं. जुनी, चांगली बसलेली टाकी, आणि वाळू अशी झाली जणू वर चहा सांडलाय.

मी पाण्यावर संशय घेतला. आरओचं यंत्र तपासलं, त्यातली गाळणी बदलली. दिव्यांची वेळ कमी केली. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणून सोडल्या. पुढच्या खेपेला बघते तर गोगलगायीच शेवाळाने माखलेल्या. मला खरोखर भीती वाटायला लागली, की माझ्या हातून काहीतरी सुटतंय आणि एक दिवस सगळी टाकी मरेल. काका शांतपणे म्हणायचे, "तुमच्याकडे आणखी काय काय बदलायचं राहिलंय?"

मग एकदा नळीने तळ उपसताना मागच्या दगडांच्या बेचक्यातून एक पांढुरका गोळा वर आला. मी तो बोटांत दाबला, वास घेतला. आंबलेली कणीक होती. मागे वळून बघितलं तर काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. त्यांचा चेहरा बघून मला विचारायची गरजच उरली नाही.

"मी आधी नदीवर जायचे, घाटावर," त्या हळूच म्हणाल्या. "यांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा एका गुरुजींनी सांगितलं होतं, रोज माशांना कणकेच्या गोळ्या घाला, यांना आयुष्य मिळेल. आता गुडघे चालत नाहीत. आणि मासे तर घरातच आहेत. मग म्हटलं..."

काका आतून आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे माझं आयुष्य वाढवायला माशांचं कमी करायचं. उत्तम."

एवढंच बोलून ते पेपर घेऊन बसले. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना समजावलं, की घालावंसं वाटतं तर घाला, पण त्यांचं खाणं घाला, मी मोजून देते तेवढंच. पुण्य काही कमी लागायचं नाही.

"एवढ्याशा चिमटीचं?" त्या म्हणाल्या. मग टाकीकडे बघत राहिल्या. "ही सगळी घाण माझ्यामुळे झाली ना?"

"जाईल हो काकू. कणीक बंद झाली की आपोआप जाईल. तुम्ही काही करू नका." हे मी दोनदा सांगितलं. बटणांच्या दगडावरही साय धरली होती आणि काकू त्याच्याकडेच बघत होत्या, हे मला दिसत होतं. पण त्या दगडाचं त्यांना माहीत आहे, असंच मी धरून चालले होते. नवऱ्याने सांगितलं असणार, यात शंका घ्यायचं मला काही कारण नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी, दिवेलागणीच्या सुमाराला मी हडपसरला होते. एका आयटी कंपनीच्या स्वागतकक्षात टाकी आहे, तिथे स्टुलावर उभी राहून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला होता. फोन वाजला. हात पुसून उचलला.

"सुनंदाताई, मी लिमये काकू. यांना बोलू नका हं, हे फिरायला गेलेत. येईपर्यंत मला टाकी चकाचक करून ठेवायचीय. तो घाण झालेला दगड आहे ना, तो काढला मी बाहेर. ब्रशने चांगला घासला, तरी तपकिरी काही निघेना. मोबाईलवर बघितलं, त्यात ते लोक टाकीतले दगड उकळून घेत होते. म्हणून मोठ्या कुकरला लावलाय. तीन शिट्या झाल्या. दगडाला किती शिट्या करायच्या हो?"

मोबाईलवरचे ते लोक गोड्या पाण्यासाठी ओढ्यातले साधे दगड उकळत असणार. मी स्टुलावरून खाली उतरले.

"कुठला दगड, काकू?"

"तो हो, बटणाबटणांचा."

"काकू, आत्ताच्या आत्ता घराबाहेर पडा. जिन्यात जा आणि दार ओढून घ्या."

"का? कुकर फुटेल?"

तिथे मी हो म्हणून टाकायला हवं होतं. कुकर फुटण्याची भीती त्यांना लगेच कळली असती. पण मी खरं सांगत बसले. "त्या दगडात विष आहे. वाफ छातीत गेली तर..."

"अगं बाई! मग खिडक्या उघडते. डास येतात म्हणून सगळ्या लावून घेतल्यात." त्या खोकल्या. "तरीच तोंडाला मघापासून कसली चव येतेय. तांब्याचं भांडं चाटल्यासारखी."

ती चव म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. मी ओरडले. स्वागतकक्षातली सगळी माणसं वळून बघायला लागली.

"खिडक्या राहू द्या! आधी बाहेर पडा!"

"पडते की. गॅस बंद करते आणि पडते."

"काकू, गॅस राहू द्या!"

"गॅस चालू ठेवून कोणी घराबाहेर जातं का? काहीतरीच तुमचं."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. पावलं आत गेली. मग खोकला सुरू झाला तो थांबेना. काहीतरी स्टीलचं खाली पडून गरगरत राहिलं. मी "काकू, काकू" करत होते. कुकरची शिट्टी झाली. मी वाट बघितली, आता गॅस बंद केला असेल, आता पावलं येतील. थोड्या वेळाने आणखी एक शिट्टी झाली. खोकला ऐकू येत नव्हता.

गॅस चालू होता आणि काकू बोलत नव्हत्या. दुसरीकडे फोन करायचा तर हा बंद करायला हवा, आणि तो बंद करायला माझं बोट धजेना. तो फोन चालू आहे तोवर मी त्यांच्याजवळ आहे, असं काहीतरी मला वाटत होतं. तिसरी शिट्टी ऐकली आणि मी फोन तोडला.

लिमयांच्या सोसायटीचे वॉचमन साळुंखे मला पाण्याचे कॅन वर चढवायला मदत करायचे, म्हणून त्यांचा नंबर माझ्याकडे होता.

"साळुंखे, मी सुनंदा, माशांवाली. लिमये काकू घरात एकट्या पडल्यात. त्यांनी टाकीतला दगड उकळलाय, त्याची विषारी वाफ आत भरलीय. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, अग्निशमनला फोन करा. बेल वाजवा, हाका मारा, पण आत जाऊ नका. ऐकलंत ना? आत गेलात तर तुम्हीपण पडाल."

"म्हातारी बाई आत पडलीया, आन् मी भाईर बेल वाजवू व्हय?" ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

जाऊ नका असं सांगणं माझं कर्तव्यच होतं, आणि मी ते सांगितलं. पण मनात काय होतं तेही लिहिते. त्यांनी माझं ऐकू नये, असं मला वाटत होतं. घरी बायकामुलं असलेल्या माणसाने त्या स्वयंपाकघरात शिरावं, अशी मी इच्छा करत होते. ते आठवलं की आजही मला स्वतःचं भय वाटतं.

स्कूटर काढली. हडपसरहून कोथरूड, तेही ऑफिसं सुटायच्या वेळी. त्या गर्दीतून मी कशी पुढे सरकले, ते आता सांगता येत नाही. शेजारी पीएमटीची बस, मागे रिक्षांचे हॉर्न, आणि माझ्या कानात फक्त ती शिट्टी. काकूंचं वय, त्यांचा तो खोकला, बंद खिडक्या, यांचा हिशोब डोकं आपोआप करत होतं आणि मला तो नको होता. स्वारगेटच्या अलीकडे फोन थरथरला. स्कूटर रस्त्याच्या कडेला घेऊन उचलला.

"काढली भाईर," साळुंखे म्हणाले. त्यांनाही खोकला लागला होता. "श्वास चालू हाय. दवाखान्यात न्हेलीया. काका गेल्यात संगट."

"गॅस?"

"बंद केला. खिडक्या उघाडल्या."

"कुकर उघडलात?" माझा आवाज चिरकला.

"न्हाई. त्याला कशाला हात लावू?"

मी तिथेच फुटपाथवर बसले. मग उठले आणि दवाखान्याकडे निघाले, कारण विष नेमकं कुठलं, ते तिथे माझ्याशिवाय कोणाला सांगता येणार नव्हतं.

नंतर कळलं ते असं. साळुंखे जिन्याकडे धावले आणि त्याच वेळी काका फाटकातून आत आले. घराची किल्ली त्यांच्याच खिशात. साळुंख्यांनी "काकू पडल्यात, काय तरी दगड उकळलाय" म्हटल्यावर काका जागेवर थांबले. त्या आवारात त्या क्षणी वर काय आहे हे कळलेला तो एकच माणूस होता. त्यांनी किल्ली पुढे केली. ती हातातून खाली पडली आणि साळुंख्यांनी उचलली. "तुमचं काळीज शिवल्यालं हाय, तुमी हितंच बसा," असं सांगून साळुंखे तोंडाला रुमाल बांधून वर गेले. काकू ओट्याखाली बसलेल्या सापडल्या, गॅसच्या बटणाकडे हात गेलेला.

अतिदक्षता विभागातले तरुण डॉक्टर शांतपणे ऐकून घेणारे होते. समुद्रातल्या प्राण्याचं विष कोथरूडमध्ये कुकरमधून आलंय, हे त्यांनी एकदा विचारून खात्री करून घेतलं, हसले नाहीत. मी त्याचं नाव कागदावर लिहून दिलं. त्यांनी वरिष्ठांना फोन केला, मोबाईलवर काहीतरी वाचलं आणि मला विचारलं, "याला उतारा माहीत आहे तुम्हाला?"

"नाही. नाहीच असं ऐकलंय."

"हो, मलाही तेच दिसतंय," ते म्हणाले. "मग श्वास चालू ठेवायचा आणि वाट बघायची." साळुंख्यांनाही मी हट्टाने तपासायला लावलं. ते ताप आणि थंडी घेऊन दोन दिवस तिथेच राहिले आणि बरे झाले. काकूंचं मात्र कोणी काही बोलेना. काचेतून दिसायच्या त्या. अंगात हुडहुडी, तोंडावर मास्क, आणि छाती अशी हलायची जणू कोणी आतून ढकलतंय. आजची रात्र काढतील की नाही, हा प्रश्न कित्येक दिवस तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी मला बाकावर बोलावलं. तो तिरकस माणूस एका दिवसात म्हातारा झाला होता.

"सुनंदाताई, एक सांगायचं होतं. ती यातून उठली तर... मला आधी माहीत होतं, हे तिला सांगू नका."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "तुम्ही काकूंना सांगितलं नव्हतंत?"

"सांगणार होतो. तिला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी टाकी बाहेर गेली असती. तुम्ही ओळखता तिला. मग म्हटलं, बघू. मग राहिलं ते राहिलंच."

मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. काचेपलीकडे ती बाई श्वासासाठी झगडत होती, नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून चोरून कणकेच्या गोळ्या घालणारी. इकडे हे. एक जण काळजीपोटी लपवत होतं, दुसरा हौसेपोटी, आणि मी दोघांच्या मधे चहा पीत होते.

त्या घरात मला पुन्हा जावं लागलं. कुकर तिथेच होता. त्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं, आणि कोणाला सांगावं असंही नव्हतं. रसायनांच्या कामाचा मास्क, हातमोजे आणि चष्मा चढवून मी त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. कुकर न उघडता उचलला, जाड पिशव्यांत गुंडाळला, गच्चीवर मोकळ्या हवेत ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवला आणि नंतर पुरून टाकला. ओटा, फरशी, ब्रश, सगळ्याला तेच पाणी लावलं. आयुष्यात इतकी घाबरून मी कुठलीच वस्तू उचललेली नाही. बाहेरच्या खोलीत मासे काचेपाशी येऊन तोंडाची उघडझाप करत होते.

काकू वाचल्या. घरी आल्या तेव्हा अर्ध्या झाल्या होत्या. छाती पूर्वीसारखी झाली नाही, होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चार शब्द बोलल्या की थांबायला लागायचं. काकांनी मला बोलावलं होतं ते टाकी घेऊन जायला. मासे दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडे द्यायचे, दगड-वाळू सगळं न्यायचं. मी बादल्या घेऊन गेले. टाकीतलं शेवाळ पार गेलं होतं. कणीक थांबली होती ना.

काकू खुर्चीत बसून बघत होत्या. मी पहिली बादली भरली तेव्हा त्या म्हणाल्या, "सुनंदाताई, तुम्ही इतकी वर्षं आमच्याकडे येता. चहा घेता माझ्या हातचा." त्यांनी श्वास घेतला. "त्या दगडाचं मला कधीच का सांगितलं नाहीत?"

माझा हात पाण्यातच राहिला. काका खिडकीशी उभे होते, माझ्याकडे बघत. ते डोळे विनवत होते. मी गप्प बसले तर दोष माझ्यावर येईल, काकू मला एकदा बोल लावतील आणि हे घर आहे तसं चालू राहील, असं मला वाटलं. खरं सांगितलं तर काय होईल, याची मला कल्पना करवेना. काकूंच्या छातीला तो धक्का सोसेल का, हीच धास्ती होती. मी "काकू..." एवढंच म्हणाले.

"त्यांनी सांगितलं होतं," काका म्हणाले. "मला. पहिल्याच दिवशी."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं.

"तू टाकी ठेवू दिली नसतीस," काका म्हणाले. "म्हणून नाही बोललो."

काकू रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. रागवायला लागतो तेवढा श्वासच त्यांच्याकडे नव्हता. मग त्या बोलल्या ते मला उद्देशून, जणू काका खोलीत नव्हतेच.

"तो दगड घासत होते ना, तेव्हा दगडाची, विषाची कसलीच भीती वाटली नाही हो मला. काही माहीतच नव्हतं, तर कशाची वाटणार?" त्या थांबल्या. "आता वाटते. हे शेजारी झोपतात, आणि मी जागी असते. अजून काय काय सांगायचं राहिलंय, कोण जाणे."

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी काही बोलावं म्हणून काकूही वाट बघत नव्हत्या.

शेवटचा मासा बादलीत घेतला आणि मी टाकीचा पंप बंद केला. इतकी वर्षं तो आवाज त्या घरात अखंड चालू होता. तो थांबल्यावर खोलीत फक्त काकूंचा श्वास ऐकू यायला लागला.